आपली बातमी आपण द्यायची

धुलाई मंडळाची स्थापना एका नादुरुस्त वॉशिंग मशीनमुळे झाली, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण याहून फालतू कारणांनी याहून मोठी मंडळं निघाली आहेत, तेव्हा त्यात लाजण्यासारखं काही नाही. खूप वर्षांपूर्वी एका कंपनीने एक मशीन बाजारात आणलं होतं. ते कपडे धुवायचं कमी आणि घरभर पाणी सोडायचं जास्त. कंपनीने मोठ्या मनाने तक्रारींसाठी एक वेबसाइट उघडून दिली. लोक तिथे पोटतिडकीने लिहायचे आणि कंपनी ढिम्म. मग तक्रारदारच एकमेकांना उत्तरं द्यायला लागले. पुढे कंपनी बुडाली, वेबसाइट बंद पडली, आणि चार तक्रारदार तेवढे फोनवरच्या एका ग्रुपमध्ये उरले. ती चौघं म्हणजे धुलाई मंडळ.

चौघं चार गावची. एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. आपापल्या घरी त्यांना धड नावं होती, पण मंडळात ती कुणी वापरली नाहीत. बेकरी चालवणारी ती बेकरी. तिचं हसू एवढं मोठं, की तिने हसण्याची खूण पाठवली तरी कानाला ऐकू येत असे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला तो भूगोल. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही, आणि राग कायम नाकावर. लिफ्ट दुरुस्त करणारा तो लिफ्टवाला. मशीनच्या पोटातली नळी कुठे तुंबते हे त्यानेच वेबसाइटवर सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. त्यामुळे प्रत्येकाचं मशीन पुढे दोन-चार वर्षं रडतखडत चाललं. आणि चौथी कवळी.

कवळी दातांच्या कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागे तिची एक अरुंद खोली होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेणाच्या वड्या, छोटा बर्नर, प्लास्टरचे साचे, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने लोकांचे जबडे. नवखं कुणी आत आलं की दचकायचं. तिला मात्र त्या जबड्यांची सवय झाली होती. माणसापेक्षा त्याचा जबडा कमी त्रास देतो असं ती म्हणायची. नवरा चष्म्याच्या दुकानात होता. 'आमच्या घरात एक डोळे बघतो, एक दात बघते, माणूस कुणीच बघत नाही,' हा त्याचा ठरलेला विनोद. तो धुलाई मंडळाला 'तुझी ती माणसं' म्हणायचा. पण जेवताना 'काय म्हणतात तुझी ती माणसं?' हे विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मंडळाची एक रीत होती. रोज सकाळी कामाला लागण्याआधी प्रत्येकाने एक बातमी द्यायची. ती केवढी असावी याला काही धरबंध नव्हता. भूगोलच्या गॅलरीत एका पक्ष्याने घरटं केलं ही बातमी. बेकरीच्या भट्टीचं दार निखळलं ही बातमी. कुणाच्या घरात टाचणी पडली तर तिचा आवाज मंडळात यायचा. ती बातमी इतर तिघांनी वाचायची, तिच्यावर काहीतरी तिरकं बोलायचं, आणि मग दिवस सुरू.

लिफ्टवाला कधी लिहायचा नाही. हात ग्रीसने माखलेले असायचे म्हणून तो बोलूनच बातमी पाठवायचा. आणि त्याचा आवाज सुरू व्हायचा तो शिट्टीने. लिफ्टच्या शाफ्टमध्ये खाली उभं राहून वरच्या जोडीदाराला हाक मारायची ती शिट्टी. लांबलचक, शेवटी वर जाणारी. मग घुमणारा आवाज, 'मंडळी, आजची बातमी.' कवळीच्या खोलीत रोज सकाळी ती शिट्टी वाजायची आणि दवाखान्यातली बाई आतून ओरडायची, "आली का तुमची गाडी?"

मंडळाला नियम एकच होता आणि तो कवळीनेच केला होता. तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा तिने बेकरीला एकटीला कानात सांगावं तसं सांगितलं. बेकरीच्या पोटात ते राहीना. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळात जाहीर करून टाकलं. अभिनंदनं झाली, थट्टा झाली, आणि तेवढ्यात ते लग्न मोडलं. मुलगी खोलीचं दार लावून बसलेली, आणि इकडे भूगोल विचारतोय की जावई काय करतो. बेकरीने नंतर फोनवर रडून माफी मागितली. कवळीने तिला माफही केलं. पण त्या दिवशी तिने मंडळात लिहिलं: 'यापुढे आपली बातमी आपण द्यायची. दुसऱ्याची कितीही गोड असली तरी तोंडात धरून ठेवायची.' सगळ्यांनी मान्य केलं. भूगोलला तर नियम म्हटला की आनंदच व्हायचा.

एवढी वर्षं झाली, आता एकदा तरी भेटू या, असं भूगोलनेच काढलं. काढलं आणि डोक्यावरच घेतलं. चार गावांच्या मधलं एक ठिकाण त्याने शोधलं, तिथे खोल्या ठरवल्या, आणि प्रत्येकाच्या घरापासून तिथपर्यंतचा नकाशा स्वतःच्या हाताने काढून टपालाने पाठवला. तीन माणसांना तीन वेगळे नकाशे. नद्या निळ्या, रस्ते तांबडे, आणि चहा कुठे बरा मिळतो तिथे एक छोटा कप. फोनवर रस्ता दिसतो हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने नवे बूटही घेतले. ती त्या दिवशीची बातमी होती.

निघायच्या आदल्या दिवशी लिफ्टवाल्याचा निरोप आला. लिहिलेला. 'जमत नाही. काम निघालं. माफ करा.'

बेकरी म्हणाली, आपण तिघं जाऊ. भूगोल म्हणाला, चौघं नाही तर कुणीच नाही, आणि खोल्या रद्द करून मोकळा झाला. त्या दिवसापासून त्याने लिफ्टवाल्याशी बोलणं टाकलं. मंडळात यायचा, बातमी द्यायचा, बेकरीच्या भट्टीची चौकशी करायचा, कवळीला टोमणे मारायचा. लिफ्टवाल्याची बातमी आली की मात्र तिच्यावरून असा पुढे जायचा जशी ती आलीच नाही. त्यात लिफ्टवाला आता रोज लिहूनच बातमी द्यायला लागला होता. शिट्टी बंद. बेकरीने चिडवलं की लिफ्ट शाळेत जायला लागली वाटतं. भूगोलने मात्र कवळीला फोन करून सांगितलं, की बघ, आवाज ऐकवण्याच्याही लायकीचे आता आपण राहिलो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लिफ्टवाल्याने कवळीला एकटीला एक प्रश्न पाठवला. एका ओळखीच्या माणसासाठी विचारतोय, असं म्हणून. रेडिएशन द्यायच्या आधी डॉक्टर दात काढायला सांगतात, ते खरंच काढावे लागतात का? सगळेच?

कवळीच्या हातात तेव्हा कुणाचा तरी खालचा जबडा होता. तो तिने फळीवर नीट ठेवला आणि मग खुर्चीत बसली. असे जबडे तिच्याकडे यायचे. कुणाला, कशासाठी, कुठल्या दुखण्यात दात काढायला लावतात हे तिला सांगावं लागत नव्हतं. बंद झालेली शिट्टी, रद्द झालेली भेट आणि लिहून येणाऱ्या बातम्या, सगळं तिच्यापुढे एका ओळीत येऊन उभं राहिलं. तिने लिहिलं, 'घशात आहे की जिभेत?'

उत्तर आलं: 'तुझ्यापुढे तोंड उघडायची सोय नाही, कवळीबाई. जिभेच्या मुळाशी. खाली घशात पण गेलंय.'

मग सगळं कळलं. भेटीच्या आदल्या दिवशीच तपासणीचा निकाल हातात आला होता. आवाज फाटला होता म्हणून तो बोलत नव्हता. आणि मंडळाला सांगायचं नव्हतं. "रोज सकाळी तिघं माझी कीव करणार," असं त्याने त्या फाटक्या आवाजात एकदा फोनवर सांगितलं. "तिथे मी आजारी नाहीये. तेवढी एक जागा राहू दे." बरा झालो की मी सांगेन, माझी बातमी मी देईन, तुझाच नियम आहे, असंही म्हणाला. तिने शब्द दिला.

दात काढण्याआधी रुग्णालयातल्या दाताच्या डॉक्टरने त्याच्या जबड्याचे ठसे घेतले होते. पुढे कवळी करायची वेळ आली तर ती जुन्या दातांसारखी व्हावी म्हणून. लिफ्टवाल्याने ते साचे कुरिअरने तिच्याकडे पाठवायला लावले. माझी कवळी होईल तर कवळीकडूनच होईल, म्हणाला. खोकं आलं. तिने कापसातून साचे बाहेर काढले आणि हातात धरून बसली. एवढ्या वर्षांच्या मित्राचा चेहरा तिने फोटोत पाहिला होता, पण तो असा हातात कधी आला नव्हता. खालचे दात थोडे झिजलेले. वर, समोरच्या दोन दातांमध्ये चांगली रुंद फट. तिने विचारलं, ही फट ठेवायची की बुजवायची? लोक बहुतेक बुजवून मागतात. उत्तर लगेच आलं: 'ठेव. शिट्टी तिथूनच वाजते.'

हिरड्या भरून यायला, तोंड नव्या ठशाला तयार व्हायला पुष्कळ महिने लागतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने मेणात दात मांडायला घेतले. कामं संपली की रोज थोडा वेळ. हे घाईचं काम होतं आणि त्याची घाई करण्यात काही अर्थ नव्हता. दोन्ही तिला कळत होतं.

इकडे तिची दुसरी खटपट चालू होती. भूगोलने एकदा लिफ्टवाल्याशी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. खरं कारण सांगता येत नव्हतं, तेव्हा ती आडून आडून जायची. फोनवर म्हणायची, "सर, जाऊ द्या ना आता. तुम्ही मोठे आहात." भूगोल म्हणायचा, मोठा आहे म्हणूनच मी आधी बोलणार नाही. तिने लिफ्टवाल्याला सांगून पाहिलं की निदान त्याला एकट्याला तरी सांग. तो म्हणायचा, सांगेन, हे रेडिएशन संपू दे. ते संपलं. मग म्हणाला, तपासणी होऊ दे. तपासणी झाली आणि ती चांगली नव्हती. आता आवाजाची पेटीच काढायची ठरली. त्यानंतर बोलणं कायमचं बंद. दोन पुरुषांच्या दोन अटींमध्ये ती बिचारी भरडून निघाली. घरी नवऱ्याने तिचं तोंड बघून विचारलं, तुझ्या त्या माणसांपैकी कोण? तिने सांगितलं. नवरा मंडळात नव्हता, त्यामुळे नियम मोडला नाही अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"मग सांगून टाक की त्या मास्तरला," नवरा म्हणाला. "नियम तूच केलास, तूच मोड."

"मी केला म्हणूनच मला मोडता येत नाही हो."

नवऱ्याने हात टेकले.

एका सकाळी बेकरीने न राहवून मंडळातच विषय काढला, की हा अबोला पुरे झाला, माझ्या बेकरीतली पोरं सुद्धा इतके दिवस रुसत नाहीत. भूगोलने उत्तर दिलं. लिफ्टवाल्याचं नाव त्याने कितीतरी महिन्यांनी लिहिलं होतं. 'लिफ्टवाल्याला माझ्याशी बोलायचं असेल तर त्याने तोंडाने बोलावं. लिहिलेलं मी वाचणार नाही.'

कवळीने ते वाचलं आणि तिच्या हातातला मेणाचा चाकू तसाच राहिला. जगात मागण्यासारख्या इतक्या गोष्टी असताना या माणसाने नेमकी ती मागितली होती. तेवढ्यात लिफ्टवाल्याचं उत्तर आलं: 'बोलतो की. उद्या.'

दुसऱ्या दिवशी तो ऑपरेशनसाठी भरती होणार होता. सकाळी मंडळात त्याचा आवाज आला. सुरुवातीला नुसती हवा. फुस्स, थांबून पुन्हा फुस्स. मग घोगरा, ओला, घरंगळणारा एक आवाज, ज्यात शब्दांना कडाच नव्हत्या. दात नाहीत, जीभ सुजलेली, घसा भाजलेला. पण कवळीचा सगळा जन्म दात नसलेल्या माणसांशी बोलण्यात गेला होता. समोर बसून ते काय म्हणतात ते समजून घेणं हा तिच्या कामाचाच भाग होता. तिला शब्द न् शब्द कळला. आजार कळला, ऑपरेशन कळलं, आणि भूगोलसाठीचा निरोप कळला. त्याने आपली बातमी आपल्या तोंडाने दिली होती. तिचे डोळे भरून आले. सुटले बाई एकदाचे, असं तिला वाटलं.

बेकरीने लिहिलं: 'अरे लिफ्ट, नेटवर्क गंडलंय. एक अक्षर कळलं नाही.'

आणि त्याखाली भूगोल: 'नेटवर्क नाही, बाटली. सकाळी सकाळी पिऊन फोनमध्ये फुंकणाऱ्याशी मला बोलायचं नाही.'

कवळी खुर्चीतून उठून उभीच राहिली. पहिल्यांदा तिला भूगोलचा राग आला, इतका की फोन फेकावासा वाटला. मग तिने घाईघाईने लिफ्टवाल्याला एकट्याला विचारलं: 'मला सगळं कळलं. तू काय म्हणालास ते मंडळात लिहून टाकू का?'

त्याचं उत्तर आलं: 'राहू दे गं. आत्ता त्याला कळलं तर मेल्याहून मेल्यासारखा होईल तो, आणि मी इथे ऑपरेशनला. शुद्धीवर आलो की मीच लिहितो. वाचेल, न वाचून जातो कुठे? तुला कळलं ना? मग झालं तर.'

झालं तर, म्हणे. ती दिवसभर फोन हातात घेत होती आणि खाली ठेवत होती. दोनदा तिने भूगोलचा नंबर काढला. त्याची बातमी त्यानेच द्यायची, असं तिने दोन्ही वेळा मनाला बजावलं आणि फोन उपडा ठेवला. तिला वाटत होतं की आपण शब्द पाळतोय.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने त्याच्याच फोनवरून लिहून कळवलं की डोळे उघडलेत. त्यानंतरच्या सकाळी भलत्याच वेळेला फोन वाजला.

"कवळीबाई का?" बाईचा आवाज होता. "मी त्यांची मिसेस. मला तुमचं खरं नावच माहीत नाही हो. ते म्हणाले होते काही झालं तर आधी कवळीबाईंना सांग." मग ती थांबली. "रक्तस्राव थांबला नाही. पहाटे गेले."

कवळीने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवलं नाही. फोन ठेवल्यावर ती फळीवरच्या जबड्यांकडे बघत बसली. त्यात तिच्या मेणाच्या कवळीचे दात होते, फटीसकट, चांगले जुळलेले. तिच्या हातून इतकं चांगलं काम फार दिवसांत झालं नव्हतं. ती टेबलावर डोकं टेकून रडली. दवाखान्यातली बाई दारापर्यंत आली आणि काही न विचारता मागच्या मागे गेली.

आता ही बातमी कोण देणार होतं? ज्याची होती तो तर गेला. कवळीने मंडळात काही लिहिलं नाही. तिने भूगोलला फोन केला आणि सरळ सांगितलं. सगळं, अगदी त्या दाताच्या प्रश्नापासून.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो, सर."

"मी त्याला प्यालेला म्हणालो, तेव्हा?"

"हो."

त्याने फोन ठेवला. बेकरीला तिने सांगितलं तेव्हा बेकरी लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली, आणि मग एकदम म्हणाली, मला सांगितलं नाहीस ते बरोबरच केलंस, माझ्या पोटात राहिलं नसतं. तिचं हे बोलणं कवळीला जास्तच लागलं.

अशी ती तिघं पहिल्यांदा भेटली. त्याच्या गावी, त्याच्या गल्लीच्या तोंडाशी. बेकरी फोटोत दिसायची त्याहून पुष्कळ बारीक निघाली. भूगोल फोटोतल्यासारखाच होता, फक्त थकलेला. त्याच्या पायात ते नवे बूट होते. अजून करकरत होते. त्याने कवळीकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. पत्ता शोधायला त्याने फोनही काढला नाही की कुणाला विचारलंही नाही. बहुतेक घरून पाठ करून आला होता.

आयुष्यभर लोकांना वर नेणारा हा माणूस राहायचा जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बेकरी हे कळल्यावर अर्धं हसली आणि अर्ध्यातच तिला हुंदका आला. भूगोल प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबत होता. कवळी त्याच्या मागे होती. हात द्यावा की नाही हे तिला कळत नव्हतं.

दार लिफ्टवाल्याच्या बायकोने, वहिनीने, उघडलं. घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. आतून एक घरघर ऐकू येत होती. ओळखीची घरघर. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "या ना, बघायचंय का?" आत मोरीत ते मशीन उभं होतं. पांढरा रंग पिवळा पडलेला, बाजूला तारेने बांधलेली नळी, झाकणाला कुठल्या तरी लिफ्टची मूठ बसवलेली. बाकी तिघांनी आपापली मशीनं कधीच भंगारात दिली होती. "मोडीत काढू या म्हटलं की रागवायचे," वहिनी म्हणाली. "म्हणायचे, या मशीनने मला माणसं दिली." मशीनच्या वर भिंतीला टेपने भूगोलचा नकाशा चिकटवला होता. निळ्या नद्या, तांबडे रस्ते. चहाच्या कपावर कुणीतरी ग्रीसच्या बोटाने खूण केली होती.

भूगोलने नकाशाला हात लावला नाही. तो बाहेर येऊन खुर्चीत बसला, खिशातून फोन काढला आणि कवळीपुढे धरला.

"तो काय म्हणाला?" त्याने विचारलं. "मी रोज ऐकतोय. मला काही कळत नाही. तुला कळलं होतं ना?"

त्याने आवाज सुरू केला. खोली त्या फुसफुसण्याने आणि घरंगळत्या आवाजाने भरली. वहिनीने पदर तोंडाला लावला. आवाज संपला. कवळी खाली बघत होती. आपली बातमी आपण द्यायची. त्याने तर दिलीच होती, साऱ्या मंडळासमोर, मोठ्याने. नियम कधीच पाळून झाला होता. आपण ती नुसती पुढे पोहोचवायची होती, एवढंच काम होतं, आणि तेवढंच आपण केलं नाही. हे तिला त्या खुर्चीसमोर उभं राहून कळलं.

"सांगते," ती म्हणाली. आणि तिने शब्द न गाळता, न घालता, सावकाश सांगितलं.

"मंडळी, आजची बातमी. मला कॅन्सर आहे. उद्या घसा कापणार. त्यानंतर माझा आवाज बंद. भूगोल, त्या दिवशी मी तुला खोटं बोललो, काम नव्हतं निघालं. तुझा नकाशा मोरीत लावलाय, दाढी करताना रोज त्या रस्त्याने जाऊन येतो. खोल्या परत ठरव. मी येणार. आता बोलायचं तू आणि ऐकायचं मी. तसंही तूच जास्त बोलतोस."

बेकरीने वहिनीला जवळ घेतलं होतं. भूगोल फोनच्या काचेवर अंगठा फिरवत होता.

"एवढंच?"

"एवढंच, सर."

"मग सुरुवातीला ते काय आहे?" त्याने विचारलं. "ते फुंकणं. त्याच्यावरूनच मी त्याला प्यालेला म्हटलं. मला वाटलं माझी टर उडवतोय."

कवळीने पिशवीतून डबा काढला. आणावा की नाही या विचारात ती घरून निघेपर्यंत होती, नवऱ्याने तो तिच्या पिशवीत ठेवला होता. तिने झाकण उघडलं आणि ती कवळी भूगोलच्या तळहातावर ठेवली. समोरच्या दोन दातांमधली फट तिने बोटाने दाखवली.

"त्याचे दात काढले होते, सर. इथून वाजायची ती. दोनदा प्रयत्न केलाय त्याने. ती शिट्टी आहे."

भूगोल त्या दातांकडे बघत राहिला. मग त्याने एका हातात ते तसेच धरून ठेवले आणि दुसऱ्या हाताने आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला.